परवडेल का? जोशुआ स्लोकम नावाच्या खलाशाचे स्मरण

१/
अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्स राज्यात, फेअरहेवन नावाचे एक लहान बंदर आहे. १८९० च्या दशकाच्या आरंभी तेथील एका कुरणात, पाण्यापासून काही अंतरावर, एक जुनी शिडाची नौका टेकू लावून उभी होती. वर ताडपत्री, खाली कुजलेली लाकडे. एके दिवशी एक बेकार कप्तान कुऱ्हाड घेऊन तेथे कामाला लागला. शेजाऱ्यांना वाटले, चला, अखेर कोणीतरी ती मोडायला काढली. कप्तान म्हणाला, मोडायला नव्हे, नव्याने बांधायला. त्यावर त्यांनी जो प्रश्न केला तो पुढे वर्षभर त्याच्या कानांवर पडत राहिला : परवडेल का?

आजचा धागा या कप्तानाविषयी आहे. त्याचे नाव जोशुआ स्लोकम. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा इतिहासाला ज्ञात असलेला पहिला मनुष्य.

२/
आरंभीच एक कबुली. हा धागा मी केवळ इतिहासाच्या ओढीने लिहीत नाही. माझे आजोबा, आईचे वडील, दक्षिण रत्नागिरीतल्या एका खाडीकाठच्या गावी होड्या बांधत. त्यांच्या अंगणाशेजारी माडाच्या झापांच्या मांडवाखाली एक मचवा अर्धवट उभा होता. गिऱ्हाइकाने मध्येच कर्ज काढून फायबरची होडी घेतली आणि हा तसाच राहिला. तेव्हा मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. फेअरहेवनच्या लोकांनी विचारलेला प्रश्न मी आजोबांना अगदी त्याच शब्दांत विचारला होता. त्याचे काय झाले ते शेवटी सांगेन.

३/
स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ चा, कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातला. आईचे वडील दीपगृहाचे रखवालदार. वडील मात्र शेती सोडून बूट शिवण्याच्या धंद्यात शिरलेले, कडक शिस्तीचे. अकरा भावंडांतला हा पाचवा. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. लहानपणी तळघरात लपून त्याने लाकडाचे एक चिमुकले जहाज कोरले होते. ते वडिलांच्या हाती लागले, त्यांनी ते आपटून फोडले आणि पोराला बडवले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ज्याने पुढे आयुष्यभर मोडलेल्या जहाजांतून नवी जहाजे उभी केली, त्याचे पहिले जहाज घरातच फुटले होते.

४/
सोळाव्या वर्षी आई गेली आणि त्याने घर कायमचे सोडले. साधा खलाशी म्हणून तो जहाजावर चढला. दिवसा दोरखंड ओढायचे आणि फावल्या वेळी नौकानयनाचे गणित शिकायचे. अठराव्या वर्षी तो दुय्यम अधिकाऱ्याची परीक्षा उत्तीर्ण झाला. काही वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोला येऊन त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि पंचविशीच्या सुमारास तो स्वतः कप्तान झाला. ज्याला शाळेने तिसरीत सोडले, त्याने चंद्र-ताऱ्यांच्या अंतरावरून रेखांश काढण्याची किचकट विद्या हस्तगत केली. पुढे हीच विद्या त्याचा जीव तारणार होती.

५/
१८७१ साली सिडनीत त्याने व्हर्जिनिया वॉकर या तरुणीशी विवाह केला. लग्नानंतर ती किनाऱ्यावर राहिली नाही. पुढची तेरा वर्षे ती नवऱ्याच्या जहाजांवरच राहिली, तेथेच तिची मुले जन्मली, तेथेच त्यांची शाळा भरली. सात मुलांपैकी चार जगली.

त्याच वर्षी अलास्कात साल्मन मासे पकडायला गेले असताना वादळात त्याचे जहाज नांगरासकट ओढले जाऊन किनाऱ्यावर फुटले. स्लोकमने तेथेच, उपलब्ध लाकडातून, एक होडी बांधली आणि खलाशी व पकडलेले मासे दोन्ही सुखरूप परत आणले. ‘जहाज गेले तर दुसरे बांधू’ हा त्याचा स्वभाव येथे प्रथम दिसतो.

६/
१८७४ च्या सुमारास तो फिलिपीन्समध्ये सुबिक उपसागराच्या काठी, दलदलीत, मगरींच्या शेजारी, एका इंग्रज व्यावसायिकासाठी १५० टनांच्या आगबोटीचा सांगाडा बांधत होता. मोबदल्यात त्याच्या पदरी ‘पाटो’ नावाची ९० टनांची शिडाची नौका पडली.

यातला विरोधाभास लक्षात घ्या. शिडाच्या जहाजांवर जीव टाकणारा मनुष्य पोटासाठी आगबोट बांधून देत होता, आणि हीच आगबोट पुढे त्याच्या धंद्याच्या मुळावर येणार होती.

७/
येथे थोडी पार्श्वभूमी हवी. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. लाल समुद्रातले वारे लहरी असल्याने शिडाच्या जहाजांना हा जवळचा मार्ग फारसा उपयोगी नव्हता. आगबोटींना मात्र तो वरदान ठरला. कोळशाची इंजिने सुधारत गेली तशी वेळापत्रकाने चालणारी, वाऱ्याची वाट न पाहणारी आगबोट व्यापाऱ्यांना अधिक परवडू लागली. शिडांची मोठी जहाजे धान्य, लाकूड, कोळसा अशा स्वस्त व जड मालापुरती उरली. १८८० च्या दशकात शिडाच्या जहाजाचा कप्तान असणे म्हणजे बुडत्या विद्येचा पंडित असणे होते.

८/
नेमक्या याच दशकात स्लोकम ‘नॉर्दर्न लाइट’ या भव्य जहाजाचा भागीदार व कप्तान झाला. तो त्याच्या वैभवाचा कळस. पण याच जहाजावर खलाशांचे बंड झाले, आणि एका अधिकाऱ्याला बेड्या घालून अमानुषपणे कोंडून ठेवल्याबद्दल न्यायालयाने स्लोकमला दोषी धरून ५०० डॉलरचा दंड केला. तो शिस्तीचा भोक्ता होता आणि त्या काळच्या जहाजांवरची शिस्त क्रूर असे. ही गोष्ट त्याच्या चाहत्यांच्या कथनातून पुष्कळदा गळते. आपण गाळू नये.

९/
त्यानंतर उतार लागला. तो ‘ऑक्विडनेक’ या लहान जहाजावर आला. २५ जुलै १८८४ रोजी अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्सच्या बंदरात व्हर्जिनियाचा आजाराने मृत्यू झाला. वय अवघे ३४. दीड वर्षाने त्याने हेट्टी इलियट या नात्यातल्या तरुणीशी दुसरे लग्न केले. १८८७ च्या अखेरीस ब्राझीलमधील पारानाग्वाच्या उपसागरात ऑक्विडनेक वाळूत रुतले आणि मोडले. जहाजाचा विमा नव्हता. परक्या देशात, बायको व दोन मुलांसह, स्लोकम रस्त्यावर आला, किंवा खरे तर वाळूवर.

१०/
त्याने काय केले याचा अंदाज आता तुम्हाला आला असेल. मोडलेल्या जहाजातले लाकूड वेचले, रानातून झाडे तोडून आणली, आणि ३५ फूट लांबीची एक होडी बांधली. शिडे चिनी पद्धतीची, बांबूच्या पट्ट्या लावलेली. ती हेट्टीने शिवली. १३ मे १८८८ रोजी होडी पाण्यात उतरली. त्याच दिवशी ब्राझीलने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला होता, म्हणून होडीचे नाव ठेवले ‘लिबर्दादे’, म्हणजे स्वातंत्र्य. या होडीतून सुमारे ५,५०० मैलांचा प्रवास करून हे कुटुंब अमेरिकेला पोचले. हेट्टीने मात्र त्यानंतर पुन्हा कधी नवऱ्याबरोबर लांबचा समुद्रप्रवास केला नाही. तिला कोण दोष देईल?

११/
आता आपण फेअरहेवनच्या त्या कुरणात परत येतो. १८९२ च्या हिवाळ्यात स्लोकम ४८ वर्षांचा होता, बोस्टनच्या गोद्यांत कामासाठी भटकत होता. एबेन पिअर्स नावाचा एक वृद्ध कप्तान, देवमाशांच्या शिकारीवर श्रीमंत झालेला, त्याला म्हणाला की माझ्यापाशी एक जहाज आहे, ते तुला देतो, थोडी दुरुस्ती लागेल. स्लोकम धावत गेला. पाहतो तर कुरणातला हा सांगाडा! नाव ‘स्प्रे’, म्हणजे तुषार. गावाच्या दृष्टीने ही एक थट्टा होती. स्लोकमने ती थट्टा म्हणून घेतलीच नाही.

१२/
त्याने जवळच्या ओक वृक्षावर कुऱ्हाड घातली. आपल्याकडचे बोटसुतार ज्याला पठाण म्हणतात, तो तळाचा कणा त्या ओकचा झाला. फासळ्यांची लाकडे वाफेवर मऊ करून वाकवली. वर दीड इंच जाडीच्या पाइनच्या फळ्या. फळ्यांच्या सांध्यांत आधी कापसाचा धागा, मग तागाचे तंतू ठोकून बसवले. काम चालू असताना गावातले निवृत्त दर्यावर्दी येऊन लाकडावर हात फिरवत, नाळ पाहत, मान डोलावत. तेरा महिने गेले. सामानाचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. नौका झाली ३६ फूट ९ इंच लांब आणि १४ फूट २ इंच रुंद.

१३/
तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न येथे उभा राहतो. जुन्या स्प्रेतले जवळजवळ प्रत्येक लाकूड बदलले गेले. मग ही स्प्रे तीच की नवी? स्लोकमनेही आपल्या पुस्तकात हा प्रश्न घेतला आहे. जुने कोठे संपले आणि नवे कोठे सुरू झाले हे सांगणे कठीण, पण टप्प्याटप्प्याने दुरुस्त होत गेलेले जहाज कायद्याने तेच राहते, एवढे म्हणून तो पुढे जातो. मला त्याचे उत्तर आवडते. वस्तूची ओळख लाकडात नसते. एक हात थांबला तेथून दुसऱ्या हाताने काम पुढे नेले, त्या सलगतेत ती असते. आजोबांनी आपल्या वडिलांचा वाकस वापरला. त्याचा दांडा त्यांनी चार वेळा बदलला होता.

१४/
२४ एप्रिल १८९५ रोजी दुपारी बोस्टनहून स्प्रे निघाली. स्लोकमचे वय ५१. सोबत कोणी नाही. रेखांश काढायला दर्यावर्दी जे अचूक घड्याळ बाळगत, ते त्याच्यापाशी होते, पण त्याच्या दुरुस्तीला १५ डॉलर पडत म्हणून त्याने ते नेले नाही. वाटेत नोव्हा स्कोशियात एक पत्र्याचे घड्याळ घेतले. किंमत दीड डॉलर, पण तबकडी फुटकी असल्याने दुकानदाराने एका डॉलरला दिले. पुढे त्याचा मिनिटकाटाही गळून पडला आणि एकदा ते चालू करण्यासाठी स्लोकमने चक्क पाण्यात उकळले. जगाची प्रदक्षिणा अशा घड्याळावर झाली.

१५/
‘एकटा माणूस झोपतो केव्हा?’ हा प्रश्न त्याला बंदरोबंदरी विचारला गेला. उत्तर स्प्रेच्या घडणीत होते. तिचा पठाण लांब आणि सरळ होता, त्यामुळे ती दिशा सहज सोडत नसे. पुढची व मागची शिडे अशी तोलून बांधता येत की नौका वाऱ्याकडे वळू लागली तर बांधलेले सुकाणूच तिला परत ओळीवर आणी. स्लोकम सुकाणू बांधून खाली जाऊन स्वयंपाक करी, वाची, झोपे. हिंदी महासागरात कोकोस बेटांपर्यंतच्या २३ दिवसांत, सुमारे २,७०० मैलांत, त्याने सुकाणूला एकूण तीन तासही हात लावला नाही. हे नशीब नव्हते. प्रत्येक फळी स्वतः बसवलेल्या माणसाची ती नौकेशी असलेली ओळख होती.

१६/
एकांताच्या गोष्टीही आहेत. अझोर्स बेटांवर मिळालेली आलुबुखारे आणि पांढरे चीज खाऊन तो पोटदुखीने बेशुद्धीच्या काठावर गेला. बाहेर वादळ. डोळे उघडले तर सुकाणूवर एक उंच अनोळखी दर्यावर्दी! तो म्हणाला, मी कोलंबसाच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या, तू निजून राहा. सकाळी पाहिले तर नौका रात्रभरात ९० मैल बरोबर दिशेने गेलेली. स्लोकम हे भास म्हणूनच सांगतो, पण त्या वाटाड्याविषयी एखाद्या जुन्या सोबत्याविषयी बोलावे तसे बोलतो.

१७/
मूळ बेत भूमध्य समुद्र आणि सुएझमार्गे पूर्वेकडे जाण्याचा होता. जिब्राल्टरला ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की त्या मार्गावर चाचे फार. म्हणून त्याने पृथ्वी उलट्या दिशेने फिरायचे ठरवले. गंमत अशी की परत फिरताच मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ चाच्यांनीच त्याचा पाठलाग केला. अटलांटिक पुन्हा ओलांडून तो दक्षिण अमेरिकेला आला. ब्युनोस आयर्सलाही थांबला. ज्या नगरात व्हर्जिनियाला मूठमाती दिली, तेथे तो अकरा वर्षांनी आला होता. पुस्तकात तो या दुःखाविषयी बोलत नाही. काही माणसे सर्वांत मोठी गोष्ट सांगतच नाहीत.

१८/
फेब्रुवारी १८९६ मध्ये तो मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरला. पुंता अरेनास येथे सॅम्ब्लिच नावाच्या एका सहृदय कप्तानाने त्याला गालिचाचे खिळे दिले. रात्री ते डेकवर उलटे पसरून स्लोकम झोपला. अनवाणी चढून आलेले स्थानिक लोक ओरडत पाण्यात उड्या टाकून पळाले. हा प्रसंग सर्वत्र हसत सांगितला जातो. पण इतिहासाच्या वाचकाने तो जरा थांबून वाचावा. स्लोकम या लोकांना रानटी म्हणतो. त्याच वर्षांत मेंढपाळीसाठी जमिनी बळकावणारे वसाहतवाले त्या प्रदेशातील मूळ जमातींची शिकार करत होते आणि साथीच्या रोगांनी उरलेले मरत होते. खिळ्यांच्या दोन्ही बाजूंना भीतीच होती.

१९/
सामुद्रधुनी पार करून प्रशांत महासागरात पोचताच वादळाने त्याला केप हॉर्नच्या दिशेने ढकलले. परतताना तो रात्रीच्या अंधारात फेसाळत्या खडकांच्या एका जाळ्यात सापडला. दर्यावर्दी त्या जागेला ‘आकाशगंगा’ म्हणतात, कारण सगळीकडे पांढरा फेस. तेथून तो जिवंत निघाला आणि सामुद्रधुनी पुन्हा पहिल्यापासून ओलांडू लागला. वारा त्याला परत परत मागे लोटत होता. अखेर १३ एप्रिल १८९६ रोजी तो खुल्या महासागरात शिरला. हे दोन महिने त्याच्या प्रवासातले सर्वांत कठीण होते.

२०/
मग हुआन फर्नांदेस बेट, आणि तेथून सामोआपर्यंत ७२ दिवसांत एकही बंदर नाही. मधे त्रेचाळिसाव्या दिवशी, मार्केसास बेटांजवळ, त्याने चंद्राच्या अंतरावरून रेखांश काढला. उत्तर विचित्र आले. त्याने स्वतःवर शंका घेतली नाही, कोष्टके तपासली, आणि छापील कोष्टकात चूक सापडली! ती दुरुस्त करताच उत्तर अंदाजाशी जुळले. तिसरी शिकलेल्या माणसाने भर समुद्रात, एकट्याने, ग्रंथातली चूक पकडली. पुस्तकात इतरत्र विनोदाआड लपणारा हा गृहस्थ या एका क्षणाचा अभिमान मात्र लपवत नाही.

२१/
पैशांचे काय? ‘परवडेल का’ हा प्रश्न समुद्रावरही पाठ सोडत नाही. सामुद्रधुनीत फुटलेल्या एका जहाजाच्या चरबीची पिंपे त्याने किनाऱ्यावरून गोळा केली आणि बेटांवर विकली. मेलबर्नच्या बंदरात चिमुकल्या स्प्रेवरही कर लावला गेला, तेव्हा त्याने नौका पाहायला येणाऱ्यांकडून सहा-सहा पेनी घेऊन तो भरून काढला. मग एक शार्क पकडून तो दाखवण्याचेही सहा पेनी! गावोगावी व्याख्याने दिली. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष पॉल क्रुगर यांची भेट झाली. पृथ्वी सपाट आहे अशी त्यांची ठाम श्रद्धा होती. जगाभोवती फिरणारा आणि जग गोल न मानणारा, असे दोघे समोरासमोर बसले.

२२/
सेंट हेलेना बेटावर एका हितचिंतकाने सोबतीला म्हणून बोकड दिला. त्या बोकडाने दोर खाल्ले, मालकाची गवताची टोपी खाल्ली, आणि वेस्ट इंडीजचा सागरी नकाशाही खाल्ला. स्लोकमने त्याला पुढच्या बेटावर उतरवले आणि नकाशाविना, जुन्या आठवणींवर, कॅरिबियन पार केला. ८ मे १८९८ रोजी त्याने आपलीच जुनी वाट छेदली, म्हणजे प्रदक्षिणा पुरी झाली. काही दिवसांत ‘ओरेगॉन’ ही अमेरिकी युद्धनौका भेटली आणि त्याला प्रथमच कळले की आपला देश स्पेनशी युद्ध करतो आहे. तीन वर्षे जग त्याच्याशिवाय चालले होते.

२३/
२७ जून १८९८ रोजी मध्यरात्रीनंतर स्प्रेने न्यूपोर्ट बंदरात नांगर टाकला. तीन वर्षे, दोन महिने, दोन दिवस. ४६,००० मैलांहून अधिक. वजन बोस्टनहून निघताना होते त्यापेक्षा एक पौंड जास्त. सारा देश युद्धाच्या बातम्यांत गुंतला होता, स्वागताला गर्दी नव्हती. ३ जुलै रोजी तो स्प्रेला फेअरहेवनला घेऊन गेला आणि नौका प्रथम पाण्यात उतरवताना काठावर रोवलेल्या त्याच देवदाराच्या खुंटाला तिला बांधले. यापेक्षा घराजवळ आपण तिला नेऊ शकत नव्हतो, अशा अर्थाचे काहीसे तो लिहितो. मला हे वाक्य वाचून प्रत्येक वेळी गप्प व्हायला होते.

२४/
१९०० साली त्याचे प्रवासवर्णन ग्रंथरूपाने आले आणि आजही ते छापले जाते. त्या पैशांतून त्याने मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत घेतले. पण जमिनीवर त्याचे मन रमेना आणि हेट्टीशी संसारही जुळेना. १९०६ मध्ये न्यू जर्सीत एका अल्पवयीन मुलीशी असभ्य वर्तन केल्याच्या आरोपावरून त्याला ४२ दिवस तुरुंगात काढावे लागले. वैद्यकीय तपासणीत अत्याचाराचा पुरावा मिळाला नाही, त्याने आरोपाचा प्रतिवादही केला नाही. हे लिहिणे सुखाचे नाही. पण ज्याचे स्मरण करायचे त्याची नौका तेवढी घासूनपुसून दाखवायची आणि माणूस झाकून ठेवायचा, हा इतिहास नव्हे.

२५/
स्प्रेही थकली होती. शिडे विरली, दोर सैल झाले. १९०९ च्या सुमारास, पासष्टीच्या उंबरठ्यावर, तो दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको आणि ॲमेझॉन नद्या धुंडाळण्यासाठी एकटाच निघाला. त्यानंतर तो किंवा ती नौका कोणालाही दिसली नाही. एखाद्या आगबोटीने अंधारात धडक दिली असावी, असा तर्क अनेकांनी केला आहे. १९२४ साली कायद्याने त्याला मृत घोषित केले. सगळे आयुष्य समुद्रावर काढलेल्या या माणसाला पोहता येत नव्हते.

२६/
आता आपल्या किनाऱ्याशी असलेला धागा. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज दर्यावर्द्याने एकट्याने आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारा तो पहिला. त्याची ३२ फुटी ‘सुहेली’ सागवानी होती आणि ती मुंबईत, येथल्या सुतारांनी, वाकस आणि दोरीने फिरवायच्या सामत्याने बांधली होती. पुढे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या ध्यासातून गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादेई’ बांधली. तिच्या बांधणीवर वर्षानुवर्षे उभे राहिलेले कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नौका बांधताना जो तिच्याशेजारी उभा असतो, त्याच्या हाती ती समुद्रात वेगळी वागते, हे स्लोकमचे सूत्र येथेही दिसते.

२७/
सुहेली बांधणाऱ्या त्या सुतारांना दर्यावर्द्यासारखी कीर्ती मिळाली नाही. माझ्या आजोबांनाही नाही.

मी त्यांना ‘परवडेल का?’ असे विचारले तेव्हा ते काही बोलले नाहीत. मी हिशेब मांडून दाखवला होता : सागवानाचा भाव, मजुरी, फायबरच्या होडीची किंमत. हिशेब बरोबर होता, आजही तो खोडता येत नाही. त्या मे महिन्यात त्यांनी मचवा मोडून लाकूड जळणाला दिले. पठाण तेवढा ठेवला. तो अजून मांडवाच्या जागी पडला आहे. वर शेवाळ चढले आहे आणि गावातली पोरे त्यावर बसून मोबाइल पाहतात.

२८/
आजोबा गेल्यावर तीन वर्षांनी मी स्लोकमचे पुस्तक वाचले. कुरणातल्या शेजाऱ्यांचा प्रश्न आला आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले. स्लोकमला तरी कोठे परवडले? तेरा महिने, ५५३ डॉलर आणि तीन वर्षांची मिळकत शार्क दाखवण्याची. हिशेबाने पाहिले तर फेअरहेवनचे लोक चूक नव्हते. त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता, मला वाटते तो फक्त फार लवकर विचारला गेला. आधी विचारायला हवे होते की हे कसे बांधता, हा कोन का असा, हे लाकूड का वाकते. कारण आगबोट आली तेव्हा शिडाचे जहाज गेले, पण ते बांधण्याची विद्या ज्या हातांत होती, ते हात गेल्यावर ती कोणत्याही कोष्टकात सापडत नाही.

२९/
मित्रहो, या धाग्याच्या शेवटी एवढीच विनंती. तुमच्या घरात, वाडीत, आळीत, कोणी बुडत्या विद्येचे पंडित अजून असतील : होडी बांधणारे, घाणा घडवणारे, कौले भाजणारे. त्यांच्याकडे या सुट्टीत जा. वही न्या. अवजारांची नावे लिहून घ्या, मापे लिहून घ्या, चुका कशा सुधारतात ते विचारा. इतिहास म्हणजे केवळ कोणी कोठे प्रदक्षिणा घातली, एवढेच नाही. ती नौका कोणी आणि कशी बांधली, हाही इतिहासच आहे.

मी पुढच्या महिन्यात गावी जातो आहे. त्या पठाणाची लांबी मोजायची राहिली आहे.

(धागा समाप्त)